अमृतकुंभ सोसायटी तक्रारमुक्त होते

आमच्या मुलुंड पूर्वेच्या अमृतकुंभ सोसायटीत गच्चीवरची टाकी गळते. ती नेमकी माझ्या देव्हाऱ्यावर गळते, हा टाकीचा दोष नाही. मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहते, हा माझा. चातुर्मासात नंदादीप तेवत ठेवायचा आणि सकाळची पूजा आटोपेपर्यंत बोलायचं नाही, असे माझे दोन नेम. वातीवर थेंब पडतो, दिवा चुर्र करून विझतो, मी तो लावते आणि पूजा पहिल्यापासून सुरू करते.

सेक्रेटरी जयवंत सावंतांच्या कानावर मी हे घातलं.

"वहिनी, तोंडी तक्रार आता चालत नाही. लेखी अर्जही बंद. कमिटीचा ठराव झालाय. तक्रार वेबसाइटवर टाकायची, तिथून नंबर पडला की प्लंबर."

"वेबसाइट कुठे आहे?"

"ती व्हायचीय."

प्लंबर भिकाजी तेव्हा पाना हातात घेऊन आमच्या शेजारीच उभा होता. नंबर नसल्यामुळे त्याला परत पाठवण्यात आलं.

वेबसाइट बसवायला दुसऱ्या मजल्यावरची कल्पिता आली. आयटीत आहे, पोर गुणी. तिनं सोसायटीच्या कॉम्प्युटरवर काळा पडदा उघडला. चित्र नाही, बटण नाही, नुसती पांढरी अक्षरं.

"बंद पडला का गं?" अध्यक्ष अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा, असंच असतं. कमांड लिहून इन्स्टॉल करायचं. चहा येईपर्यंत होईल."

चहा येईपर्यंत होणारं काम आहे, हे कळताच कमिटी सावध झाली. पडद्यानं पहिला प्रश्न विचारला: पुढे जायचं का? कल्पिताचं बोट 'वाय'कडे, म्हणजे 'हो'कडे गेलं, तोच सावंत ओरडले, "थांब! हा धोरणात्मक निर्णय आहे. सभा लागेल."

सभा झाली. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, पुढे जावे असे एकमताने ठरले. दुसरा प्रश्न साइटच्या नावाचा होता. त्यात श्रावण संपला.

मग पासवर्ड. एकाच माणसाच्या हाती सत्ता नको, म्हणून कमिटीतल्या प्रत्येकानं एकेक तुकडा टाइप केला. त्या वेळी बाकीच्यांनी डोळे मिटून घेतले. साइट उभी राहिली. माझी तक्रार तिच्यावर चढली, पहिली आणि एकुलती एक. मी देवापुढे साखर ठेवली.

आता लॉगिन करून भिकाजीला नंबर पाठवायचा, एवढंच राहिलं होतं. पण पासवर्डचा मधला तुकडा खजिनदार प्रीतम परबांकडे आणि परब गणपतीला मालवणला. फोनवर मागून झांजा ऐकू येत होत्या. "अरे सावंता, इथे आरती चाललीय! कसला तुकडा? कोणाला आठवतो तो?"

"काका, एका कमांडनं पासवर्ड बदलता येतो," कल्पिता म्हणाली.

"म्हणजे कोणीही बदलू शकतो?" सावंतांचा चेहरा उतरला. "मग ही साइट असुरक्षित आहे. पुसून नव्यानं बसव."

रविवारी सकाळी खास सभा भरली. माझा दिवा त्या दिवशी जरा जास्तच विझत होता. पूजा अर्धी टाकून, ओल्या पदरानं, तोंड मिटून मी खाली आले. पडद्यावर प्रश्न होता: आधीचं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

"यात काकूंची तक्रार आहे ना," कल्पिता म्हणाली. "काकू, तुम्हीच सांगा."

मी जोरात हात हलवले. वर टाकीकडे बोट दाखवलं.

"वहिनी म्हणतात, वरच्याची इच्छा," अण्णांनी हात जोडले.

मी टेबलावरचं पेन उचललं.

"लेखी बंद आहे वहिनी," सावंत हळूच म्हणाले. मग कल्पिताकडे वळले. "उत्तर नाहीच आलं, तर गं?"

"वाय मोठ्या अक्षरात आहे, काका. म्हणजे काही न लिहिता एंटर दाबलं, तर हो धरतात. पण काकूंना..."

नेम मोडावा, असं माझ्या मनात आलं. पाप लागेल, असंही आलं. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत सावंतांनी एंटर दाबलं होतं.

"वा! याला म्हणतात सिस्टम!"

गेटवर आता 'तक्रारमुक्त सोसायटी' असा फलक आहे. खोटा नाही. नव्या साइटवर तक्रारीचं पान ठेवायचं की नाही, हेच अजून सभेपुढे आहे. कल्पिताला शाल-श्रीफळ मिळालं. मी दिव्यावर छत्री धरून पूजा करते.

जो बोलला नाही त्याचा होकार, हा नियम मात्र कमिटीला इतका आवडला, की तो सगळ्याच ठरावांना लागू झाला. 'टाकी आहे तशीच राहू द्यावी' हा ठराव परवा त्याच नियमानं मंजूर झाला. होकार मोजले, तर सोसायटीत माणसं नाहीत इतके निघाले. पूजा आटोपून मी सावंतांना विचारलं, हे कसं?

"वहिनी, ज्यांच्या ज्यांच्या कानावर तुमची गळती गेली आणि जे काही बोलले नाहीत, ते सगळे धरले."

तुम्हीही इथवर मुकाट्यानं वाचत आलात ना? तुम्हालाही धरलंय.