मागच्या सीटवरचे आप्पा

ज्या माणसाने मला माझी पहिली गाडी निवडून दिली, त्याला मी त्या गाडीत पुन्हा कधी बसवले नाही. हे मी यंदापर्यंत कोणालाच सांगितलेले नव्हते, पत्नीलाही नाही. त्यात सांगण्यासारखे काही नाही, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला समजावत आलो. पण आप्पांविषयी लिहायचे तर तिथूनच सुरुवात करणे भाग आहे. आप्पांच्या तऱ्हेवाईकपणाला कॉलनीत सगळेच हसत असत आणि त्या हसण्यात माझा आवाज गरजेपेक्षा थोडा मोठा होता.

आप्पा शेळके सावेडीच्या आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरच्या घरात राहतात. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात त्यांची सगळी नोकरी वजनकाट्यावर झाली. उसाने भरलेले ट्रक त्यांच्या खिडकीसमोर येऊन उभे राहायचे, आप्पा वजन सांगायचे आणि ट्रक निघून जायचे. निवृत्त झाल्यावर ते पत्नीसह, म्हणजे आमच्या काकूंसह, नगरला आले. त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यांच्याकडे गाडी कधी नव्हती. एक सायकल आहे. तरीही आप्पा बसल्याशिवाय आमच्या कॉलनीत जुनी गाडी कोणी घेत नाही.

'बसल्याशिवाय' हा शब्द मी जपून वापरतो आहे. गाडीचे बॉनेट उघडले की आप्पा दुसरीकडे पाहतात. गाडी किती पळाली आहे हे विक्रेता सांगू लागला, तर 'पळू द्या की' म्हणतात. ते थेट मागच्या डाव्या दाराशी जातात, दार पूर्ण उघडतात आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या फटीत उभे राहतात. कोपरांना दार लागले तर गाडी नापास. नाही लागले, तर ते आपला उजवा पाय दोन्ही हातांनी धरून उचलतात, आत ठेवतात, अगदी हळू आवाजात 'अगं आई गं' म्हणतात आणि सीटवर टेकतात. मग डावा पाय, तोही हातांनी.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आप्पांचे गुडघे ठणठणीत आहेत. सत्तरी ओलांडल्यावरही ते शिडीने पाण्याच्या टाकीवर चढतात. पाय हाताने उचलण्याचा प्रकार फक्त गाडीच्या दाराशी होत असे.

आत बसल्यावर ते काच खाली करतात आणि मान बाहेर काढून पाहतात. गाडीत सुगंधी बाटली लटकत असेल तर ती काढायला लावतात. 'वास नको. कुठलाच नको. चांगला तर मुळीच नको.' मग डोळे मिटून गाडी चालवणाऱ्याला गतिरोधकांवरून न्यायला सांगतात. परत आल्यावर खिशातली घडी केलेली कॅरीबॅग चाचपतात, तशीच ठेवून देतात आणि निकाल सांगतात.

यामागचे त्यांचे तत्त्वज्ञान एका वाक्याचे आहे. 'गाडी मागनं घ्यायची.' कोणी कारण विचारलेच तर ते शांतपणे सांगत, 'पुढं बसणाराच्या हातात ष्टेरिंग असतंय. त्याचं त्यो बघून घेतोय. मागच्याच्या हातात काय हाय? मग त्यालाच नको का इचारायला?'

हे ऐकायला पटण्यासारखे असल्याने आम्ही सगळ्यांनी त्यांच्या सल्ल्याने गाड्या घेतल्या. त्या गाड्यांचे पुढे काय झाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. आमच्या समोरच्या पवार सरांची गाडी राहात्याच्या अलीकडे बंद पडली आणि टेम्पोला बांधून आणावी लागली. माझ्या गाडीचा रिव्हर्स गिअर पहिल्याच वर्षी गेला. तेव्हापासून मी ती पुढे निघता येईल अशाच ठिकाणी उभी करतो. मात्र मागची सीट सर्वांचीच उत्तम होती. आप्पांनी निवडलेली गाडी बंद पडली की माणसे खाली उतरत नसत, इतके आत बसून बरे वाटे. पवार सर आजही म्हणतात, 'मेकॅनिक येईस्तोवर अशी झोप लागली, की घरी पण लागत नाही.'

माझी गाडी निवडून झाली त्या संध्याकाळी आप्पा आमच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत.

'भाऊसाहेब, पुढल्या महिन्यात हिच्या भावाच्या घराची वास्तुशांत हाय श्रीगोंद्याला. तुमचं त्या दिशी काय काम नसलं, तर आमाला सोडून यायचं का? हिला एस.टी. सोसत न्हाई. गाडी लागती.'

मी तत्काळ होकार दिला. होकार देताना माझे लक्ष त्यांच्या शेवटच्या दोन शब्दांवर नव्हते. रात्री ते शब्द मला ऐकू आले. गाडीची सीट कव्हरे नवी होती. त्यांच्यावरचे प्लॅस्टिकही मी काढले नव्हते. त्या कव्हरांवर काकूंना उलटी झाली तर, या एका विचाराने मी महिनाभर अस्वस्थ होतो. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी आप्पांना सांगितले, की गाडी गॅरेजमध्ये आहे, रिव्हर्स पडत नाही. यातली दुसरी गोष्ट खरी होती. गाडी मात्र मी स्टेशनकडच्या रस्त्यावर असलेल्या आमच्या कचेरीच्या आवारात, आवरण घालून उभी केली होती.

आप्पा म्हणाले, 'गाडी म्हटल्यावर चालायचंच.' ते दोघे एस.टी.ने गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी विचारले नाही आणि मीही स्वतःहून कधी म्हटले नाही. कचेरीला जाताना त्यांच्या घरावरून जाणारा सरळ रस्ता मी सोडला आणि मागच्या बोळातून जाऊ लागलो. रिव्हर्स नसलेली गाडी त्या बोळातून नेणे हे शिक्षेसारखेच होते. ती मी वर्षानुवर्षे भोगली आणि तीच पुरेशी आहे असे मानले.

यंदा आमच्या मुलीला, मुक्ताला, नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली. मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांच्या गर्दीत तिने स्कूटरवर जाणे तिच्या आईला पसंत नव्हते. माझी जुनी गाडी मुक्ताला पसंत नव्हती. तिला स्वतःच्या पगारातून स्वतःची गाडी हवी होती. जुनी चालेल, स्वस्त तर हवीच, पण दिसायला झकास हवी.

'बाबा, कंपनीच्या गेटवर सगळे बघतात,' ती म्हणाली. 'गाडीतून उतरले तर उतरल्यासारखं वाटलं पाहिजे.'

'आप्पांना घेऊन जाऊ,' तिची आई म्हणाली. कॉलनीचा रिवाज होता. माझ्याकडे नाही म्हणायला कारण नव्हते, निदान सांगण्याजोगे नव्हते.

अशा रीतीने एका रविवारी आप्पा माझ्या गाडीत पुन्हा बसले. पण आपण होऊन मी त्यांना बसवले असे म्हणता येणार नाही. ते सवयीने मागे बसले. प्लॅस्टिक अजून तसेच होते. त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, 'जपली हाय गाडी.' मी रस्त्याकडे अधिक लक्ष दिले.

जुन्या गाड्यांच्या त्या आवारात मुक्ताने क्षणात एक गाडी हेरली. लाल, बुटकी, काळ्या छताची, चकचकीत चाकांची. विक्रेता तरुण होता आणि त्याने ओळखले की आपल्याला आता फारसे बोलायचे नाही. आप्पा लाल गाडीच्या मागच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. दोन्ही कोपरांना दार लागले. मग त्यांनी पाय उचलला. छत आडवे आले आणि 'अगं आई गं' अर्ध्यावर राहिले.

'न्हाई,' आप्पा म्हणाले.

पलीकडे एक उंच, चौकोनी, पिवळट रंगाची गाडी उभी होती. आप्पा तिच्यात चढले, टेकले, मान बाहेर काढून आत घेतली आणि डोळे मिटले. 'ही घ्या, मुक्ताबाई.'

'आप्पा, हे कपाट आहे. कपाटाला चाकं लावलीत.'

'कपाटात काय वाईट असतं? ऐसपैस असतंय.'

'पण लूक बघा ना तिचा.'

'लूक बाहेरच्याला. आत बसणाराला टेकायला पायजे.'

मुक्ता त्यांच्यासमोर उभी राहिली. ती माझ्यासारखी नाही. तिला जे विचारायचे असते ते ती विचारते. 'आप्पा, खरं सांगा. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मग पाय हाताने का उचलता?'

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. आप्पांनी खिशातली कॅरीबॅग चाचपली.

'माझे चांगलेच हायेत. तिचे न्हाईत.'

'कुणाचे?'

'तुझ्या आजीचे. काकूचे. लई वर्सं झाली. पाय असा हातानं उचलावा लागतो तिला, पायरी चढताना. त्यात गाडी लागती. वास सोसत न्हाई, त्वांडावर वारं पायजे. आपल्यात कोनीबी गाडी घेतली, तर कधी तरी म्हनंल, चला काकू. मग त्या येळंला दार बारकं निघाया नको. म्हनून मी आपला आधीच बघून ठेवतो.'

'मग भाड्याची गाडी करायची, आप्पा,' विक्रेता मधेच म्हणाला.

'परक्यापुढं उलटी झाली तर लाजती ती. घरच्याचं येगळं.'

त्या आवारात आप्पांनी घरचा म्हणून ज्याला विचारले होते, असा मी एकटाच होतो. काकूंचे गुडघे दुखतात हे मला माहीत होते. आप्पा पाय हाताने उचलतात हेही मला माहीत होते. या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या.

मुक्ताने विक्रेत्याकडे हात पुढे केला. 'लाल गाडीची किल्ली द्या. आजींना बसवून बघते. त्या नाही बसू शकल्या, तर कपाट घेईन.'

'अगं, ही न्हाई बसायची,' आप्पा म्हणाले. 'मी बसून बघितलं की.'

विक्रेत्याने तारण म्हणून माझी जुनी गाडी ठेवून घेतली. तिच्याभोवती एक फेरी मारल्यावर त्याने माझे लायसन्सही मागून घेतले. नापास गाडीत बसायला आप्पा तयार नव्हते; ते रिक्षाने आमच्या मागोमाग आले.

काकू फाटकाशी खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. लाल गाडी थांबली, तशी त्यांनी मेथी बाजूला ठेवली. 'कुनाची गं ही? लई झ्याक हाय.'

'माझी होईल, आजी. तुम्ही बसलात तर.'

आप्पांनी दार उघडले आणि सूचना देऊ लागले. 'आधी उजवा पाय उचल. मी धरतो. डोकं सांभाळ. छत खाली हाय. हे बघ, मी दावतो...'

काकूंनी त्यांना हाताने बाजूला केले. गाडीकडे पाठ फिरवली, दाराला धरून खाली टेकल्या आणि मग दोन्ही पाय जोडून, अलगद वळून आत घेतले. छत, दार, पायरी, कशाचाच प्रश्न आला नाही.

दाखवायला उचललेला पाय आप्पांनी खाली ठेवला.

'खाटंवर कशी बसते मी? तशीच,' काकू म्हणाल्या. 'पाय आधी घालून कोन बसतं का गाडीत?'

आप्पांनी कॉलनीतल्या सगळ्या गाड्या पाय आधी घालून तपासल्या होत्या. त्यांची पद्धत मुळातच चुकली होती आणि चूक कळण्याचा मार्ग एकच होता. काकूंना गाडीत बसताना त्यांनी एकदा तरी पाहायला हवे होते. ती संधी त्यांना कोणी दिली नव्हती. ज्याने देतो म्हणून सांगितले होते, तो मी दाराशी उभा होतो.

'लाल घे गं,' काकू मुक्ताला म्हणाल्या. 'ह्यांचं काय ऐकतीस?'

मी काकूंच्या शेजारी मागे बसलो. आप्पांना आयुष्यात पहिल्यांदा पुढे बसावे लागले. त्यांना पट्टा लावता येईना. मुक्ताने लावून दिला. मग त्यांनी वर पकडायची कडी दोन्ही हातांनी धरली. 'हळू घे, मुक्ताबाई. मागं मानूस बसलंय.'

गाडी कॉलनीतून बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली. काकूंनी काच खाली केली आणि वाऱ्याकडे तोंड केले. कॅरीबॅग आप्पांनी पुढून मागे दिली होती. ती काकूंच्या मांडीवर घडीतच होती.

'काकू,' मी म्हणालो, 'वास्तुशांतीच्या वेळी माझी गाडी गॅरेजमध्ये नव्हती. कचेरीच्या आवारात झाकून ठेवली होती. सीट खराब होईल अशी मला भीती वाटली. मी खोटे बोललो.'

काकूंनी मान आत घेतली नाही. 'म्हाईत हाय, भाऊ. एस.टी. तुमच्या हापिसावरनंच गेली. आवरण वाऱ्यानं उडत हुतं. ह्यांनी खिडकीतनं दावली मला. म्हनले, बघ, तीच ती गाडी. दार लई मोठं हाय तिचं.'

पुढच्या सीटवर आप्पांनी घसा खाकरला आणि समोरच्या ट्रकचे वजन किती असेल ते मुक्ताला सांगू लागले.

मी जे म्हणालो ते पहिल्यांदा इतके हळू म्हणालो, की उघड्या खिडकीच्या वाऱ्यात ते कोणालाच ऐकू गेले नाही. काकूंनी माझ्याकडे पाहून कानाला हात लावला. तेव्हा मी ते पुन्हा, पुढे बसलेल्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

'माझं चुकलं, काकू. आप्पा, माझं चुकलं.'