शोधायचं दुर्बिणीनं, खात्री स्कोपनं

दोन वस्तू मागवायच्या, शेतात लावून बघायच्या, बरी वाटेल ती ठेवायची आणि दुसरी परत करायची. सुभाषने ठरवलं होतं ते एवढंच. यात माझं चुकलं कुठे, असं तो अजूनही माणसाला समोर बसवून विचारतो, आणि खरं सांगायचं तर इथवर त्याचं काही चुकलेलं नव्हतंच.

रोह्याच्या अलीकडे त्याचं गाव. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायची आणि उरल्या वेळात शेत. भात निघालं की त्याच ओलीवर वाल, आणि वाल शेंगेला आला की डोंगरातून रानडुकरं उतरायची. सुभाषचा आजा शिकारी होता. पुढे शिकारीला बंदी आली, आज्याची बंदूक सरकारात जमा झाली, आजाही गेला; पण 'शिकाऱ्याचं घर' हे नाव मागे राहिलं. सुभाषने जन्मात उंदीर मारला नव्हता (एकदा पिंजऱ्यात सापडलेला त्याने लांब बांधापलीकडे नेऊन सोडला, तर तो याच्या आधी घरी पोचला). तरी रक्तात काहीतरी असतंच की! "मारायला बंदी हाय, बघायला कुठं बंदी हाय?" असं म्हणत तो मोबाइलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघू लागला.

त्या लोकांचा मोठा वाद चालला होता. शिकारीला दुर्बीण बरी की स्पॉटिंग स्कोप? दुर्बीण दोन डोळ्यांची, गळ्यात अडकवायची, एका नजरेत अख्खं शेत दाखवणारी. स्कोप एका डोळ्याचा, तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचा. तो लांबच्या पानाची शीर न् शीर दाखवणार, पण पानाशेजारी काय आहे ते विचारू नका. शेवटी एका दाढीवाल्या गोऱ्याने निकाल दिला. आधी दुर्बिणीने शोधा, मग स्कोपने खात्री करा, आणि खात्री झाल्यावर कोणाचं ऐकू नका. सुभाषला ही काळ्या दगडावरची रेघ वाटली. दोन्ही वस्तू घरी आल्या आणि एक परत करायची गोष्ट तिथेच संपली.

"ह्यो दुसरा नळा कशाला?" त्याच्या बायकोने, चंद्रावतीने विचारलं.

"खात्री कराया."

"कसली?"

"पयल्या नळ्यातनं जे दिसंल त्याची."

"म्हंजी पयल्यातनं धड दिसत नाय?"

याचं उत्तर व्हिडिओत नव्हतं. सुभाष गंभीरपणे काचा पुसत बसला.

अशात भूमिकाच्या लग्नाचं निघालं. भूमिका त्याची एकुलती एक लेक. कंपनीतल्याच ऋत्विकशी तिचं जमलं होतं. ऋत्विकच्या आईचा होकार आला होता. राहिला होता तो बापाचा, म्हणजे बाबाजींचा. बाबाजी जिते गावचे. गृहस्थ मोजकं बोलणारा आणि पोपटीवर जीव टाकणारा. (मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरायचे, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा, ती पोपटी. थंडीत ज्याने ती खाल्ली नाही त्याला इकडे कोणी मुलगी देत नाही.) त्यांनी निरोप धाडला की रविवारी संध्याकाळी येतो, पोपटी लावा, मन झालं तर तिथेच सुपारी फोडू.

शेतातला बाकी वाल तोडून बाजारात गेला होता. नाल्याकडचा एक तुकडा चंद्रावतीने व्याह्यांसाठी हात न लावता राखला होता, आणि रस्त्याकडच्या कडेला थोड्या शेंगा उरल्या होत्या.

"तुमी फकस्त शेतातल्या राखनीच्या माळ्यावर बसा," तिने रविवारी दुपारी नवऱ्याला बजावलं. "दिस मावळंपत्तूर राखण करा. बाकी कायपन करू नका."

"बाबा," भूमिका म्हणाली, "माझं लगीन हाय हे. आज खेळ नको."

सुभाषला भडभडून आलं. पोरीपलीकडे त्याला जग नव्हतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तुझा बाप शिकाऱ्याचा नातू हाय गो. एक शेंग जानार नाय."

दुर्बीण गळ्यात, स्कोप तिकाटण्यावर आणि कमरेला सुतळी बॉम्ब अशा थाटात तो माळ्यावर चढला. शेजारच्या शेतात शिवा वांग्यांना पाणी लावत होता. त्याने वर बघून नमस्कार केला, बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही.

ऊन उतरलं. सुभाष दुर्बिणीने डोंगर बघत होता, डोंगराचा माथा बघत होता, एकदा तर पलीकडच्या डोंगरावरची गाय बघून आला. फिरत फिरत नजर रस्त्याकडच्या कडेला आली आणि तिथेच थांबली. वालात काहीतरी काळपट, वाकलेलं, हळूहळू सरकत होतं.

पण घाई करणारा तो शिकारी कसला! नियम म्हणजे नियम. त्याने स्कोपला डोळा लावला. आधी आभाळ दिसलं, मग शिवाचा कान दिसला, मग बरंच काही दिसेनासं झालं, आणि अखेर सापडलं. तपकिरी केस. अख्ख्या काचेत राठ, तपकिरी केसांशिवाय दुसरं काही नव्हतं. आणखी खात्रीसाठी त्याने आणखी जवळ आणलं, तर आणखी केस दिसले. पाठ हलली, वेल हिसडला गेला.

"काय दिसतंय रं?" शिवाने खालून विचारलं.

"डुक्कर! दांडगा नर हाय!"

शिवाने कपाळावर आडवा हात धरून बघितलं. "अरं डुक्कर कसलं, त्यो तर..."

"गप रे! मी खात्री केलीय!"

(नुसत्या डोळ्यांची तुलना कुठल्याच व्हिडिओत नव्हती, त्याला तो तरी काय करणार?) त्याने बॉम्बची वात पेटवून तो माळ्याखाली फेकला. धडाम्! "डुक्कर! डुक्कर!" सुभाष बेंबीच्या देठापासून ओरडला आणि गाव काठ्या घेऊन रस्त्याकडून शेतात घुसलं.

ते जनावर दोन पायांवर उभं राहिलं. अंगावरची केसाळ लोकरीची शाल छातीशी गच्च धरून ते मागे वळलं. सुभाषचा डोळा अजून स्कोपलाच होता. त्यात बाबाजींचा चेहरा इतका लख्ख दिसला की मिशीत अडकलेलं वालाचं सालसुद्धा सुटलं नाही. स्कोप खरंच चांगला होता, हे त्याला त्या परिस्थितीतही कबूल करावं लागलं.

तेवढ्यात माळ्याच्या पायथ्याशीच, नाल्यातल्या करवंदीच्या जाळीत, फांद्या मोडल्या. दुपारपासून तिथे गाढ झोपलेलं डुकरांचं अख्खं कुटुंब बॉम्बने दचकून उठलं आणि चंद्रावतीने राखलेला तुकडा उभा-आडवा तुडवत डोंगराकडे गेलं. नाल्याकडची बाजू डुकरांनी संपवली, रस्त्याकडची गावाने. सुभाष माळ्यावरून उतरला.

काठ्यांच्या गराड्यात बाबाजी ताठ उभे होते. "कोनाचं शेत हाय ह्ये?" त्यांनी विचारलं.

"आमचं," सुभाष म्हणाला.

हे ऐकून बाबाजींचा चेहरा उतरला. सगळ्यांना वाटलं, गेली सोयरीक. धावत आलेल्या भूमिकाने तोंडाला ओढणी लावली आणि ती मटकन बांधावर बसली. चंद्रावती मात्र व्याह्यांच्या शालीकडे बघत होती. शालीचं पोट भलतंच फुगलं होतं.

"व्याही," ती म्हणाली, "शालीत काय हाय?"

बाबाजींनी शाल सैल केली; आत वालाच्या शेंगा होत्या. मग म्हणाले, "आमचा बापूस सांगायचा, पोपटीला रिकाम्या हातानं जायचं नाय आन घरच्या शेंगा न्यायच्या नाय. परक्याच्या शेतातल्या गुपचूप खुडलेल्या शेंगांबिगर पोपटीला गोडी नाय. म्हनून रिक्षा आदीच सोडली." त्यांनी मान खाली घातली. "मला काय ठाव, परका तुमीच निघाल म्हनून!"

चंद्रावतीने शांतपणे पदर पसरला. "वता यात. आज आमच्या शेतात शेंगा उरल्या त्या येवढ्याच. तुमी चोरल्या म्हनून वाचल्या."

पोपटी लागली. मडक्यात बटाटेच जास्त होते, पण शेंगा पुरल्या. जाळाभोवती सगळी मयताला बसावीत तशी बसली आणि निमूट खात राहिली. चोराने मालकाला शेंग द्यायची आणि मालकाने चोराला अंडं सोलून द्यायचं, असं बराच वेळ चाललं. शेवटी बाबाजींनी हात धुतले.

"पोरगी आमाला पसंत हाय," ते म्हणाले. भूमिका आईच्या खांद्यामागे लपली. चंद्रावतीने डोळे पुसले आणि सुभाषने कोणाला न लाजता हुंदका दिला.

"हुंडा नको, मानपान नको," बाबाजी पुढे म्हणाले. "सुपारी फोडायच्या आदी एक वस्तू तेवढी द्या. ती दुर्बीण."

सुभाषचा ऊर भरून आला. एवढ्या गावात, एवढ्या दिवसांत कदर करणारा माणूस भेटला, तो नेमका व्याही! तो पुढे सरकला. "कुठली देऊ? दोघांचे गुन येगळे हायत बरं का. शोधायचं म्हनाल तर दोन डोळ्यांची, आन खात्रीला..."

"दोनी."

चंद्रावती तोवर उठून दोन्ही नळे घेऊनही आली होती.

"घ्या, घ्या," सुभाष गहिवरून म्हणाला. "पन तुमी काय बघनार त्यातनं?"

"मी कायएक बघनार नाय," बाबाजी म्हणाले. "माझा पोरगा आता सासुरवाडीला येत जाईल. ह्याच वाटंनं."