गौराच्या बाटलीची हरकत

१२ मार्च, मंगळवार. ऊन कडक, वारा अजिबात नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीने घेतलेल्या हरकतीवर अकराची सुनावणी सव्वाअकराला सुरू झाली. बाटलीला खुर्ची देण्यात आली.

हरकत शेवंता बुरडकरच्या अर्जावर होती. शेवंता बांबूच्या टोपल्या विणायची. तिची चार वर्षांची मुलगी गौरा पाणी पिताना बाटलीचं तोंड कुरतडायची. रात्री चूळ भरली की निळे कण पडायचे. ते पाहून शेवंताने बांबूची बाटली करायला घेतली. पहिली गळली. दुसरीत पाण्याला वास आला. तिसरी गौराच्या हाताला जड झाली. चौथी जमली. मुरलेल्या बांबूचं एक पेर, आतून मधमाशीच्या मेणाचा हात, शिवणीच्या लाकडाचं बूच, आणि हिरडीला लागू नये इतकी गोल घासलेली कड. या कामात दीड वर्ष गेलं. आता तालुका पाणीपात्र कार्यालयाची मंजुरी तेवढी राहिली होती, आणि त्यासाठी आधीच्या बाटलीची संमती लागते.

"काय म्हणायचंय तुम्हाला?" अधिकारी भोयरसाहेबांनी बाटलीला विचारलं.

"मी कुणाच्या पोटावर पाय द्यायला आलेली नाही, साहेब," बाटली म्हणाली. ती अर्धी भरलेली असल्याने आवाज घोळत येत होता. "पण मला काढायचं तर घरातली म्हणून विचारायला हवं होतं. मी गौराची नातेवाईक आहे."

"कोणत्या नात्याने?"

"रक्ताच्या."

तपासणीचा अहवाल तिच्या पट्ट्यात खोचलेला होता. भोयरसाहेबांनी तो काढून वाचला. गौराच्या रक्तात बाटलीचे कण सापडले होते. सही-शिक्का बरोबर होता.

साक्षीला आलेल्या अंगणवाडीच्या मंदाताईंना राहवलं नाही. "अवं माय! दोन वर्षं तोंडाला लागली, तर नात्यात आली का?"

"तोंडाला लागूनच नातं जडतं, ताई. आईचंही तसंच असतं."

शेवंताने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. गौरा तिच्याकडे आली तेव्हा अकरा महिन्यांची होती.

"बाई, तुमच्या बाजूने रक्ताचं काही?"

"दत्तकाचा कागद आहे जी. कोर्टाचा."

"कागद दिसतोय. मी रक्त विचारतोय."

"रक्त नाही."

भोयरसाहेबांनी तसं लिहून घेतलं.

"मग हिला गौराच्या रक्तातून काढा ना, साहेब," शेवंता म्हणाली. "त्याच्यासाठीच तर केली मी बांबूची बाटली."

"आपल्याकडे नातं लावायचा अर्ज असतो, बाई. रक्तातलं काढायचा नसतो. पुढचं सांगा. मुलीला किती वर्षं साथ द्याल?"

"मी एक्केचाळीसची. जमेल तितकी."

"आणि तुमचा बांबू?"

"दोन वर्षं. मग परसात टाकायचा. माती होते त्याची."

"म्हणजे पोर सहा वर्षांची असताना सोडून जाणार." ते खुर्चीकडे वळले. "आणि तुम्ही?"

"चारशे वर्षं," बाटली म्हणाली. "जास्त होतील, कमी नाही."

"बघा बाई. याला म्हणतात निभावणं."

मंदाताई म्हणाल्या, "पोरीला तरी विचारा."

गौरा शेवंताच्या मांडीवर बसून तिच्या पदराचं टोक चघळत होती. भोयरसाहेबांनी वाकून विचारलं, "बाळ, तुला काय हवं?"

"पाणी," गौरा म्हणाली.

खोलीत पाणी एकाच बाटलीत होतं. बांबूची बाटली नमुना म्हणून लाखेने सीलबंद केलेली होती. मुलीने स्पष्ट मत दिल्याची नोंद झाली.

निकाल बारा चाळीसला वाचून दाखवण्यात आला. हरकत मान्य. बांबूची बाटली नामंजूर. नमुना परत मिळणार नाही. मुलीचं पालकत्व बाटलीकडे. बाटलीला हात नसल्यामुळे मुलीची आंघोळ, वेणी, जेवण, आजारपण आणि अंगणवाडीत ने-आण शेवंता बुरडकर यांनी मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत विनावेतन करावी. बाटलीचं टोपण उघडणं आणि लावणं हेही त्यांच्याकडेच राहील.

शेवंताने सही केली. बारा पन्नासला तिने टोपण उघडलं आणि गौरा पाणी प्यायली.