ना-हरकतीच्या प्रतीक्षेत

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी विवाह नोंदणी कार्यालयातल्या संगणकाने सुरू होण्यास नकार दिला. नकार सविस्तर आणि कारणांसह होता. हे मी अभिमानाने सांगतो, कारण त्या संगणकातली प्रणाली मी बांधली आहे.

बांधली म्हणजे, जगभरच्या सज्जनांनी सगळ्यांसाठी खुले ठेवलेले सुटे भाग आणून आम्ही आमच्या कार्यालयापुरती स्वतःची प्रणाली जुळवली. त्यासाठी सात जणांची समिती होती. सहा जणांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्यांचं चटकन एकमत झालं: प्रणालीचा कोणताही भाग दुसऱ्या भागाच्या ना-हरकतीशिवाय सुरू होता कामा नये. आमच्याकडे खुर्ची खिडकीपासून दाराकडे न्यायलाही ना-हरकत लागते, मग यंत्राचे लाड कशाला? सातवा मी. मला हे खटकलं होतं, पण चहा आला आणि विषय मागे पडला.

प्रणाली आठ महिने उत्तम चालली. कारण आठ महिने ती कुणी बंदच केली नव्हती. गुरुवारी सफाईवाल्या मावशींनी लादी पुसताना वायर काढली आणि पुसून झाल्यावर इमानदारीत पुन्हा लावली. चौकशी अहवालात याला ‘बाह्य हस्तक्षेप’ म्हटलं आहे.

काउंटरमागे रांगेलाही दिसेल असा मोठा पडदा होता; त्यावर दोन ओळी होत्या. ‘घड्याळ: नेटवर्कच्या ना-हरकतीच्या प्रतीक्षेत. नेटवर्क: घड्याळाच्या ना-हरकतीच्या प्रतीक्षेत.’

रांगेत पहिलं जोडपं उभं होतं. तो जहाजाच्या इंजिनावरचा मेकॅनिक, ती चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी. सोबत साक्षीदार म्हणून मुलीची आत्या आणि एक भलीमोठी बॅग. तिची चेन तुटल्यामुळे ती दोरीने आवळली होती.

“जहाज उद्या पहाटे निघतं,” मुलगी म्हणाली. “नऊ महिन्यांसाठी. लग्नाचा दाखला दाखवला तर बायकोला सोबत नेता येतं. मी नोकरी सोडलीय, खोलीही सोडलीय.”

“नोटिशीची मुदत आज पाच वाजता संपते,” मेकॅनिक म्हणाला. “नंतर पुन्हा नोटीस, पुन्हा तीस दिवस. तोवर मी कुठल्या समुद्रात असेन, देव जाणे.”

आमचे साहेब बाहेर आले. त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच शब्दाने सुरू होत असल्यामुळे त्यांना सगळे ‘तूर्तास साहेब’च म्हणतात.

“तूर्तास बसा,” ते म्हणाले.

“रजिस्टरमध्ये हाताने लिहा की!” आत्या म्हणाली. “आमच्या वेळी तसंच लिहायचे.”

पण आम्ही कागदमुक्त झालो होतो. कोरी रजिस्टरं समारंभपूर्वक रद्दीत काढली होती आणि त्यांच्या ढिगाशेजारी साहेबांनी फोटो काढून घेतला होता. तो भिंतीवर आहे. आत्याने तो बराच वेळ पाहिला.

साडेदहाला आम्ही बैठक बसवली. यंत्राला काय झालंय हे पडद्यावर लिहिलेलंच होतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवला नाही. चर्चा झाली ती जबाबदारीवर. घड्याळ सांभाळणारे म्हणाले, नेटवर्कने आधी सुरू व्हावं. नेटवर्क सांभाळणारे म्हणाले, त्यांच्या इतक्या वर्षांच्या सेवेत असा अपमान कुणी केला नव्हता. तीन वाजता उपसमिती नेमली.

आम्ही बाहेर आलो तर मेकॅनिक काउंटरला टेकून पडदा वाचत होता.

“अहो, हे दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत,” तो म्हणाला. “एकाला बाजूला काढा, दुसरं चालू होईल.”

“तूर्तास कशालाही हात लावू नका,” साहेब म्हणाले.

“प्रणाली खुली आहे ना? दारावर तशी पाटी लावलीय तुम्ही.”

“खुली म्हणजे पाहायला,” मी समजावलं.

तेवढ्यात आत्याने साहेबांना दाराबाहेर नेऊन त्यांच्या आईवडिलांची चौकशी सुरू केली. मेकॅनिकने संगणक बंद करून पुन्हा चालू केला, सुरू होताना एक कळ दाबली, घड्याळ वगळायला सांगितलं, आणि प्रणाली दोन मिनिटांत उघडली. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा हळू.

नोंदणी करणाऱ्या बाईंनी वधूचं नाव भरलं. उत्तर आलं: ‘नोंदणी अशक्य. वधूचा जन्म व्हावयाचा आहे.’

वराचंही तेच. झालं होतं असं, की वायर निघाल्यावर वेळ लक्षात ठेवणारा आतला छोटा सेल कधीच मेलेला निघाला. अशा यंत्राला तारीख आठवेनाशी झाली की ते बिनदिक्कत १ जानेवारी १९७० धरून कामाला लागतं. पडद्यावर कोपऱ्यात तीच तारीख होती. आत्याचा मात्र जन्म झालेला होता. वय वर्षे चार, म्हणून साक्षीदार अपात्र.

“मग तारीख बदला!” मुलगी ओरडली. “ते बघा, भिंतीवर घड्याळ आहे. सव्वाचार झालेत!”

तारीख बदलण्याचा अधिकार साहेबांचा. त्यांनी येऊन आपला संकेतशब्द टाकला. प्रणालीने तपासलं आणि नम्रपणे कळवलं, की या नावाचा अधिकारी अद्याप सेवेत रुजू झालेला नाही. साहेबांनी संकेतशब्द पुन्हा टाकला, उत्तर तेच आलं. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ‘तूर्तास’ निघालं नाही.

“कुणाकडे तरी मूळ चावी असेलच,” मेकॅनिक म्हणाला. “ज्याने ही बांधली त्याच्याकडे. त्या चावीला कुणाची तारीख लागत नाही. कुणी बांधलीय?”

माझ्याकडे होती. तोंडपाठ होती. आठ अक्षरं टाकायला चार सेकंद लागली असती. पण मूळ चावीने तारीख बदलली, की बदलणाऱ्याचं नाव प्रणालीत कायमचं नोंदलं जातं. उद्या कुणी विचारलं असतं, सरकारी तारखेला हात कुणी लावला, तर समितीचे सहाही जण कानांवर हात ठेवून मोकळे झाले असते.

“समितीने बांधलीय,” मी म्हटलं आणि पंख्याकडे पाहिलं.

पावणेपाचला पडद्यावर पुन्हा वधूच्या जन्माचीच ओळ होती आणि मुलगी काउंटरसमोर बॅगेवर बसली. तिने मेकॅनिकचा हात धरला होता. मेकॅनिक मात्र माझ्याकडेच बघत होता. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस तो. त्याने मला ओळखलं होतं, असं मला अजून वाटतं.

पाच वाजले. भिंतीवरच्या घड्याळाने कुणाचीही ना-हरकत घेतली नाही.

“साहेब,” जाताना आत्या म्हणाली, “तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगू नका. त्यांना वाईट वाटेल.”

सोमवारी उपसमितीचा अहवाल आला. उपाय असा: संगणक यापुढे कधीही बंद करू नये. प्लगवर लाखेचं सील लावलं आहे आणि मावशींना लेखी ताकीद दिली आहे. खुल्या प्रणालीच्या यशाबद्दल माझी बढती झाली. मेकॅनिक एकटाच गेला. मुलगी नव्या नोटिशीसाठी पुन्हा आली होती. वराची सही हवी, म्हणून तिला परत पाठवलं.

आता तुम्हाला माझा संताप आला असेल. येऊ द्या. पण त्या दिवशी रांगेत सतरा माणसं होती, आणि ‘वधूचा जन्म व्हावयाचा आहे’ हे वाचून सतराही जणांनी फोन काढून पडद्याचा फोटो घेतला. प्रत्येक फोनवर त्या दिवसाची बरोबर तारीख होती. साहेबांना जाब विचारायला मात्र एकही जण काउंटरपर्यंत आला नाही. तो फोटो घरोघर फिरला. तुम्हालाही आला होता. तुम्ही पोट धरून हसलात आणि आणखी पाच जणांना पाठवलात.

अजून असेल तुमच्या फोनमध्ये. काढून बघा. खाली डाव्या कोपऱ्यात दोरीने आवळलेली एक बॅग आहे, आणि तिच्यावर एक मुलगी बसली आहे.