जनूभाऊ आणि खोक्यातला लाडू

आमच्या देवस्थानाच्या मदत-गोदामात कुणी जुने कपडे घेऊन आलं, की जनूभाऊ पाटील ते आधी नाकाला लावतात आणि मग देणाऱ्या बाईला विचारतात, "तुमच्या सासूला द्याल काय हे?" बाई गडबडली की गाठोडं परत. अलिबागातल्या निम्म्या घरांशी त्यांनी असं वाकडं घेतलंय, आणि निस्तरायला मी आहे.

मी इथला कारकून. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, ट्रक भरून द्यायचा. पूर येवो, वादळ येवो, व्हॉट्सॲपवरच्या फोटोत विश्वस्त असतात आणि आम्ही दोघं मागे धुळीत शिंकत असतो. एकदा कुणीतरी जरीची शेरवानी पाठवली. जनूभाऊंनी ती दोन बोटांत धरून मला दाखवली. "पुरातून वरात काढायची हाय काय?" हसू आलं तरी मी हसलो नाही. हसलं की ते तासभर थांबत नाहीत. माणूस उरणकडचा, एकटा, गोदामामागच्या खोलीत राहणारा. याहून जास्त मी कधी विचारलंही नव्हतं.

यंदा डोंगरातल्या एका वाडीवर दरड आली. जिथलं माणूस गेलं नाही असं एकही घर तिथे उरलं नाही. अध्यक्षांचा हुकूम आला, प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर देवाचा लाडू ठेवा. मी दिवसभर बसून एकेक लाडू कागदात गुंडाळला, कंबरेचा पार काटा ढिला झाला. सकाळी ट्रक सुटायच्या आधी पाहतो तर एकाही खोक्यात लाडू नाही. जनूभाऊ पायरीवर बसलेले, शेजारी लाडवांचं पातेलं.

कुणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं आणि ते फोनवर माझ्यावर भडकले. म्हणाले, हा माणूस देवाचं खातो, त्याच्याकडून गोदामाची चावी घ्या आणि आजच खोली खाली करायला सांगा. हे काम अर्थातच माझ्या गळ्यात. माझंही डोकं फिरलेलं होतं, खोटं कशाला बोलू?

"जनूभाऊ, चावी द्या. प्रसाद काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी चावी पायरीवर ठेवली. "घरोघर सुतक हाय तिकडं, बापट. सुतकात देवाचा प्रसाद कोण घेल? आन पोटात काय नसलं तर न घेऊन करतील काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विश्वस्तांना पंचांग तोंडपाठ, मी रोज सोवळ्यात पूजा करणारा, आणि सुतक एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"मग कालच सांगायचंत ना."

ते पातेल्याकडे बघत राहिले. "आमच्या घरात पानी शिरलं तवा बायको नि पोरगी गेली. तिसऱ्या दिवशी असंच खोकं आलं. वर लाडू. पोटात दोन दिस कण नव्हता. खाल्ला."

"उपाशी होतात, खाल्लात. त्यात पाप कसलं?"

"पापाचं न्हाय वो." त्यांनी पातेलं बाजूला सारलं. "गोड लागला. त्या दोघी गेल्या नि मला तो गोड लागला."

चावी मी उचलली नाही. अध्यक्षांना फोन करून सांगितलं, लाडू मी काढले.