एक्केचाळीस पुडक्यांची खुर्ची

टपालाने माल मागवायचा आणि पाठवणीचा एक पैसाही द्यायचा नाही, ही विद्या जगात फक्त आपल्यालाच साधली आहे, असं कप्तानने ज्या सकाळी जाहीर केलं, त्या सकाळी सलूनमध्ये तीन गिऱ्हाइकं होती. तिघांनीही माना डोलावल्या. त्यातल्या एकाच्या गळ्याला वस्तरा टेकलेला होता, त्यामुळे त्याची मान जेमतेमच हलली. पण मत त्याचंही तेच असावं.

कप्तान म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. जहाज त्याने चित्रातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. पण कानावर कंगवा खोचून, कमरेवर हात ठेवून तो दुकानाच्या दारात उभा राहिला, की समोरची रहदारी त्याच्याच हुकमाने चालली आहे असं वाटायचं. म्हणून कप्तान.

आता या कप्तानची खुर्ची बुडायला लागली होती. गिऱ्हाईक बसलं की आधी त्याचा चेहरा आरशात दिसायचा, साबण लावून होईपर्यंत नुसतं कपाळ, आणि वस्तरा हातात घ्यावा तर आरशात फक्त समोरची भिंत. शाळेचे मुख्याध्यापक बसले त्या दिवशी तर उरलेली दाढी कप्तानला गुडघ्यांवर बसून करायची वेळ आली. मुख्याध्यापक अर्ध्या दाढीनिशी उठले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या नव्या सलूनमध्ये शिरले. तिथे तीन खुर्च्या होत्या आणि तिन्ही जागच्या जागी राहत होत्या. त्यानंतर महिनाभरात कप्तानची निम्मी गिऱ्हाइकं तो रस्ता ओलांडून गेली. बायकोने साठवलेले पैसे पुढे केले आणि नवीन खुर्ची घ्या म्हणून सांगितलं. ती रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. फार बोलायची सवय तिला नव्हती.

खुर्च्यांच्या एका कंपनीचा कॅटलॉग आला. खुर्ची झकास होती, किंमतही बसत होती. पण किमतीखाली बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या: पाठवणी, हाताळणी आणि विक्रीकर. कप्तानने लगेच कंपनीला फोन लावला.

"हाताळणी म्हणजे काय हो?"

माल उचलणं, बांधणं वगैरे, असं पलीकडच्या बाईंनी सांगितलं.

"मग पाठवणी म्हणजे?"

"पाठवणं."

"म्हणजे न उचलता पाठवायचं असेल, तर हाताळणी लागणार नाही ना?"

बाईंनी फोन ठेवला. पाठवणी लेकीची करतात, लोखंडाची कसली पाठवणी, असं कप्तान त्या बंद फोनला बराच वेळ समजावत होता.

रविवारी दुपारी त्याला कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर घबाड सापडलं. दोन किलोपर्यंतचे सुटे भाग टपालाने घरपोच, पाठवणी नाही, हाताळणी नाही. आणि सुट्या भागांच्या यादीत अख्खी खुर्ची होती! पाठ, बैठक, हात, पायपट्टी, डोक्याची उशी, बिजागऱ्या, चकत्या, स्क्रू. कप्तानने बेरीज केली, तर सगळे भाग मिळून खुर्चीपेक्षा थोडे स्वस्तच पडत होते. विक्रीकरापुढे 'नियमाप्रमाणे' एवढंच लिहिलं होतं; नियमाला आपण भीत नाही, असं तो म्हणाला. एक्केचाळीस भाग, एक्केचाळीस वेगळ्या मागण्या. बायकोने एवढंच विचारलं, की जोडणार कोण? जो केस तोडू शकतो तो खुर्ची जोडू शकतो, असं उत्तर मिळालं.

पुडकी सही घेऊनच मिळणार होती. दुकान आगपेटीएवढं, तिथे ती ठेवायची कुठे? म्हणून पत्ता घरचा दिला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दुपारी घरात कोणी नाही. मग कप्तानने आत्याला राहायला बोलावलं. आत्या निवृत्त परिचारिका. चाळीस वर्षं तिने वॉर्ड सांभाळला होता, आणि अजूनही ती खोलीत आली की माणसं आपोआप चादर सारखी करायची. तिला काम सोपं सांगितलं होतं: सही करायची, पुडकं घ्यायचं, काही किरकोळ मागितलं तर पैशांच्या डब्यातून द्यायचं आणि दुकानात फोन करून डोकं खायचं नाही.

पहिल्या दिवशी पोस्टाच्या बाई तीन जिने चढून आल्या, त्या चार चकत्या घेऊन. दुसऱ्या दिवशी एक बिजागरी. तिसऱ्या दिवशी दुसरी बिजागरी. कंपनीने प्रत्येक भाग बाळंतिणीसारखा जपला होता. बोटाएवढ्या स्क्रूला उशीएवढं खोकं आणि आत मूठ-मूठ कागदाच्या पट्ट्या. दहाव्या दिवशी घरात पलंगापर्यंत जायला एकच वाट उरली. पंधराव्या दिवशी पोस्टाच्या बाई दारातच बसल्या आणि आत्याला म्हणाल्या, "ही खुर्ची एकदम आली असती, तर मी एकदाच मेले असते." आत्याने त्यांना चहा दिला. तेव्हापासून रोज दोन वाजता चहा ठरून गेला.

सतराव्या दिवशी कप्तानने सहज डबा उघडला. डब्यात पैसे नव्हते, पावत्या होत्या. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, प्रत्येक पुडक्यावर विक्रीकर होता, तो दारात द्यावा लागतो, तू म्हणालास किरकोळ मागितलं तर दे, म्हणून दिला. कप्तानने पावत्या पलंगावर मांडल्या आणि त्याला घाम फुटला. खुर्ची म्हणून घेतली असती, तर कर थोडा होता. सुटे भाग मात्र यंत्रसामग्रीत मोडत होते, आणि यंत्रसामग्रीला कर तिप्पट. शिवाय दर पावतीवर रक्कम पुढच्या पूर्ण आकड्याला नेलेली. चार चकत्यांवर कर बसला होता तो चकत्यांपेक्षा जास्त.

त्याने कर कार्यालयात फोन केला. तिथल्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. खुर्चीवर कर कमीच आहे, हे त्यांनी मान्य केलं.

"पण तुम्ही खुर्ची घेतलीत कुठे?" ते म्हणाले.

कप्तानने फोन ठेवला. त्यातच कंपनीचं पत्र आलं. खुर्ची वर-खाली करणारा पंप अकरा किलोचा आहे, तो कापून पाठवता येत नाही, सबब पाठवणी आणि हाताळणी भरावी. कप्तानने ती निमूट भरली. दुकानात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पंप घेऊन टेम्पोवाला आला आणि खाली इमारतीच्या दाराशी ठेवून निघाला. घरपोच लिहिलंय, असं कप्तान ओरडला, तर तो म्हणाला, "घर इथेच तर आहे. उंच आहे, त्याला मी काय करू?" अकरा किलो कप्तानने स्वतः उचलले, स्वतः हाताळले. त्याचे पैसे आधीच भरलेले होते.

सगळी पुडकी आली, त्या रविवारी जोडणी झाली. कप्तान जमिनीवर आडवा, आत्या पलंगावर चष्मा लावून सूचनांचा कागद वाचतेय. एखाद्या शस्त्रक्रियेसारखं सगळं शिस्तीत चाललं होतं. ती भाग मागायची, तो द्यायचा, मग लक्षात यायचं की उलटं व्हायला हवं. संध्याकाळपर्यंत खुर्ची उभी राहिली. काळीभोर, चकचकीत, सिंहासनच. पायाने दाबलं की वर, सोडलं की तिथेच. कप्तानच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटची कडी त्याने हातोडीने ठोकून पक्की केली, आणि आत्याने कागद उलटला.

"अरे, मागे एक ओळ आहे. ही कडी बसवण्यापूर्वी खुर्ची जागेवर नेऊन ठेवावी. एकदा बसली की निघत नाही."

दोघांनी दाराकडे पाहिलं. मग बायकोने शिवणाची फीत आणून दार मोजलं, खुर्ची मोजली, आणि फीत पुन्हा गुंडाळून ठेवली.  खिडकीतून उतरवायला क्रेनवाला जे मागत होता, त्यात दुसरी खुर्ची आली असती.

सोमवारी कप्तान दुकानात गेलाच नाही. खुर्चीत बसून राहिला. दोन वाजता दार वाजलं. पोस्टाच्या बाईंकडे आज पुडकं नव्हतं. सवयीने वर आले, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची पाहिली, टोपी काढली आणि विचारलं, "बसू का थोडी?" कप्तान उठला. त्या बसल्या, आणि टोपीखाली केस फार तापतात, जरा कमी कराल का, म्हणाल्या. कप्तानने कात्री घेतली. खुर्ची तसूभरही खचली नाही. बाईंना मध्येच गाढ झोप लागली, आणि कप्तानने महिन्याभरात पहिल्यांदा मन लावून केस कापले.

जाग आल्यावर बाईंनी आरशात पाहिलं आणि खूश झाल्या. किती झाले ते विचारलं, कप्तानने सांगितलं. त्यांनी त्याहून बरेच कमी पैसे त्याच्या हातावर ठेवले.

"बाई, हे कमी आहेत."

"तीन जिने चढून मला स्वतःला मी आणून पोहोचवलं," त्या म्हणाल्या. "माझी पाठवणी मीच केली. ती कापून घेतली."

कप्तानने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, बाईंचं बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानने दार उघडलं, तर जिन्यात खालपर्यंत रांग. अख्खं पोस्ट आलं होतं, टोप्या हातात घेऊन. कप्तानचा ऊर भरून आला. त्याने छाती पुढे काढली, कंगवा कानावर खोचला आणि पहिल्या माणसाला अदबीने आत घेतलं. ते स्वतः पोस्टमास्तर होते.

ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होते.