दीड हात जागा

माझ्या गाडीच्या डाव्या अंगाला गेरूची एक रेघ आहे. पुढच्या चाकावरून निघते आणि दोन्ही दारं ओलांडून थेट मागच्या दिव्यापर्यंत जाते. पाहुणे विचारतात, "नवीन डिझाइन का हो?" बायको म्हणते, "छे, यांना मिळालेलं सर्टिफिकेट आहे." हे सर्टिफिकेट देणारे धोंडूतात्या आमच्या दहिवलीतच राहतात, माझ्यापासून चार घरं सोडून.

तात्यांची सायकल एकदा बघितली की विसरणं शक्य नाही. कॅरियरला बांबूची एक कामटी आडवी बांधलेली, उजव्या बाजूला बरोबर दीड हात बाहेर. टोकाला काथ्याचा कुंचा. हँडलला पत्र्याचा डबा आणि डब्यात पाण्यात कालवलेला गेरू. निघताना तात्या कुंचा डब्यात बुचकळतात, कामटीला लावतात आणि पायडल मारतात. जी गाडी त्यांना दीड हाताच्या आतून घासून जाते, ती रंगून जाते. जी जागा सोडून जाते तिला तात्या हात उंच करून ओरडतात, "शाब्बास रं पठ्ठ्या!" त्या पठ्ठ्याची काच बंद असते, आत गाणी लागलेली असतात, त्याला ओ की ठो कळत नाही. पण तात्या एकाचीही शाबासकी चुकवत नाहीत.

आता गेरूच का, तर तात्या सरकारी मैलकुली होते. हल्लीच्या पोरांना हा शब्दच माहीत नाही. रस्त्याचा ठरलेला तुकडा सांभाळणारा माणूस तो मैलकुली. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची आणि कडेच्या झाडांच्या बुंध्यांना चुन्या-गेरूचे पट्टे ओढायचे. कर्जतहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याचा तुकडा तात्यांनी जन्मभर सांभाळला. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण अजून बोलताना "माझा रस्ता" असंच म्हणतात. "माझ्या रस्त्यावर काल कुनी तरी बाटल्या फोडल्या रं." जणू त्यांच्या ओसरीवरच फोडल्या.

मैलकुलीपणाची दुसरी खूण म्हणजे खड्डे. तात्यांच्या मागून कधी गेलात तर ते सायकल चालवता चालवता मोठ्यानं बोलताना ऐकू येतील. "खड्डा हाय, धर... हां, गेला. पुढं उंचवटा, धर." मी हसायचो. म्हटलं, नोकरी सुटली तरी म्हाताऱ्याची हजेरी चालूच आहे.

तर माझी गाडी. माझी नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात. इतकी वर्षं मोटरसायकलवर ऊन-वारा खाऊन एकदाची पांढरी गाडी घेतली. गाडी आली त्या दिवसापासून तात्यांनी मला "रं सुधा" म्हणणं सोडलं आणि "काय सायब" म्हणायला लागले. मला वाटलं, मान देतायत. मी खूशही झालो होतो, खोटं कशाला बोलू! अकराव्या दिवशी सकाळी पाळीला उशीर झालेला, पुढं तात्यांची सायकल. मी हॉर्न दाबला, दाबतच राहिलो आणि समोरून ट्रक यायच्या आत सूंकन पुढं काढली. खोपोलीला उतरून बघतो तर पांढऱ्या गाडीवर तांबडी रेघ!

डोक्यात अशी तिडीक गेली! संध्याकाळी तात्यांच्या अंगणात जाऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं? आता चला माज्याबरबर." रस्त्यावर नेऊन मला डांबराच्या कडेला उभं केलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. "हालायचं नाय हां सायब. रंगाचं मंग बगू."

पहिली रिक्षा गेली, काही वाटलं नाही. दुसरा टेंपो आला तो कोंबड्यांच्या पिंजऱ्यांसकट कानाजवळून असा गेला की माझा शर्ट फडफडला आणि मी सरळ गटारात उडी घेतली. चप्पल चिखलात. तात्या जागचे हलले नव्हते.

"किती लांबून गेला?" त्यांनी विचारलं.

"लांबून कसला तात्या, अंगावरून गेला!"

"हातभर लांब व्हता. सकाळी तुमी पन हातभरच व्हता. आमाला दीड हात पायजे. अर्धा हात वाढवून द्या, एवढंच मागनं हाय."

मी चप्पल धुतली आणि घरी आलो. गाडीवरची रेघ मात्र धुतली नाही, तशीच ठेवली.

पण हा माणूस एवढा हट्टाला का पेटलाय, ते मला काकींमुळं कळलं. येसूकाकी म्हणजे तात्यांची बायको. काकींची बहीण याच रस्त्याला, कळंबच्या अलीकडच्या एका वाडीत राहते. दोघी पाठोपाठच्या. थोरलीचे गुडघे गेले, ती खाटेवरून उठत नाही. काकींना रिक्षा चालत नाही, टमटम चालत नाही, बंद गाडीत बसलं की दुसऱ्या वळणावर ओकारी. एकदा माझ्याच नव्या गाडीत बसवलं होतं, गेटबाहेर पडेपर्यंत गाडी धुवायची वेळ आली. त्यामुळं काकींचं वाहन एकच, तात्यांच्या सायकलचं कॅरियर. त्यावर गोधडीची घडी घालायची, टोपलीत चवळीच्या शेंगा घ्यायच्या आणि दर पंधरा दिवसांनी बहिणीकडे. असं दोघांचं वर्षानुवर्षं चाललेलं.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मागून एक गाडी भरधाव आली. काकींचा पदर आरशात अडकला. पदर फाटला म्हणून काकी वाचल्या. कोपर सोलवटलं, बांगड्या फुटल्या, शेंगा रस्ताभर झाल्या. गाडी थांबली नाही. काकी उठल्या, कॅरियरला धरून चालत घरी आल्या आणि गोधडीची घडी आत नेऊन ठेवली.

"रस्ता आपला ऱ्हायला नाय," त्या तात्यांना म्हणाल्या. "गाड्या बाजू द्याला लागतील तवा सांगा. मंग येते."

त्या दिवसापासून काकी दहिवलीच्या बाहेर पडल्या नाहीत. दोघी बहिणी मोबाइलवर बोलायच्या आणि दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळं ते अख्ख्या आळीला ऐकू यायचं. "कवा येतीस गं?" "येते गं, येते." तात्या तेवढा वेळ अंगणात सायकलची साखळी पुसत बसायचे. साखळी लख्ख असायची, तरी पुसायचे. मग एक दिवस ते उठले आणि माळ्यावरून जुना गेरूचा डबा काढला. म्हातारीला तिच्या बहिणीच्या दारात न्यायचं, एवढ्यासाठी तात्यांनी कर्जत-कळंबच्या गाड्यांशी मांडलेला हा उभा दावा होता.

मग आला तो माघातला शनिवार. शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावरून फार्महाउसवाल्यांचा लोंढा कळंबकडे जातो. तात्या आपल्या कडेनं चाललेले. मी सुट्टी म्हणून दूध आणायला पायी निघालो होतो, त्यामुळं पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. मागून एक भली थोरली काळी गाडी आली. हॉर्न असा, की झाडावरचे कावळे उठले. समोर रस्ता मोकळा होता, बरं का! चार हात जागा होती. पण सायकलवाल्यासाठी स्टिअरिंग वळवायचं म्हणजे यांचा अपमान. घासून गेली आणि काळ्या रंगावर तांबडा पट्टा असा उठून दिसला की काय सांगू!

गाडी करकचून थांबली. गॉगल, हाफपँट आणि गळ्यात साखळी असा एक इसम उतरला. "ए काका, ये क्या है? मालूम है कौनसी गाडी है?"

"काळी हाय," तात्या म्हणाले. "आता जरा बरी दिसते."

माणसं जमायला वेळ लागला नाही. दूधवाले, रिसॉर्टवर कामाला जाणाऱ्या बाया, शाळेच्या मुली, सगळे सायकलवाले. गॉगलवाला मराठीवर आला, आवाज चढला. "चला पोलीस चौकीत! आत टाकतो तुम्हाला!"

तात्या खुशीत म्हणाले, "चला की. पुढं व्हा, मी येतो. दीड हात सोडून व्हा फक्त."

चौकीत आम्ही जवळजवळ मिरवणुकीनंच गेलो. हवालदार चहा पीत बसले होते. त्यांनी गॉगलवाल्याचं ऐकलं, तात्यांची कामटी हातात घेऊन वाकवून बघितली, कुंचा दाबून बघितला. मग शांतपणे कागद पुढं सरकवला. "तक्रार द्या ना. लिहा. गाडी कुठं चालली होती?"

"रस्त्यानं."

"सायकल?"

"कडेनं चालली होती."

"लिहा, सायकल कडेने चालली होती. समोरून वाहन?"

"नव्हतं. रस्ता मोकळा होता."

"लिहा. मग सायकल आडवी आली का?"

"नाही हो, ती सरळच होती."

"लिहा, सरळ होती. आता ही कामटी दीड हात. रंग तुमच्या गाडीला लागलाय. म्हणजे रस्ता मोकळा असताना, कडेनं सरळ चाललेल्या सायकलपासून दीड हाताच्या आत तुम्ही गाडी नेली. एवढं लिहा आणि खाली सही करा. पुढचं आम्ही बघतो."

गॉगलवाल्याचं पेन थांबलं. त्यानं लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं. गॉगल काढला, परत वाचलं. बाहेर खिडकीशी दाटलेल्या बायांमधून एक जण खुदकन हसली आणि मग सगळी चौकीच हसायला लागली. कागदाचा बोळा त्याच्या खिशात गेला.

"अन् काका," हवालदार तात्यांना म्हणाले, "लोकांच्या गाड्या रंगवायचं आता बंद. काठी राहू दे, रंग नको. परत दिसला तर तुमच्यावरही कागद करावा लागेल."

"पन सायब, रंग नसंल तर गाडी जवळ आली ते कळायचं कसं?"

"सगळ्यांनी बघितलंय आज. कळेल."

मी म्हटलं, संपलं. रंग गेला म्हणजे म्हाताऱ्याचं हत्यारच गेलं. तात्यांनी बाहेर येऊन बादलीभर पाणी मागून घेतलं, डोक्याचं फडकं सोडलं आणि गॉगलवाल्याची गाडी स्वतःच्या हातानं पुसायला लागले. तो खजील होऊन म्हणाला, "राहू द्या काका, मी धुऊन घेईन." तात्या म्हणाले, "रंग माजा, मीच काढतो. तुमी तेवढं ध्यानात ठेवा. मागं कुनाची बायको बसलेली असती, कुनाची पोर असती." तो माणूस "सॉरी काका" म्हणाला, आणि निघताना समोरच्या सायकलवालीला चांगली तीन हात जागा सोडून गेला. तात्यांनी सवयीनं हात वर केला. "शाब्बास रं पठ्ठ्या!"

सोमवारी सकाळी मी खोपोलीला निघालो आणि नाक्यावर गाडी थांबवून बघतच राहिलो. शाळेच्या मुलींच्या सायकली ओळीनं चाललेल्या, आणि प्रत्येक कॅरियरला आडवी कामटी! टोकाला रंग नाही, चिंध्या बांधलेल्या. लाल, पिवळ्या, कुणाची जुनी रिबन, कुणाच्या आईच्या साडीचा काठ. मागून दूधवाले, त्यांनाही कामट्या. रिसॉर्टवरच्या बायांनाही. आणि मागच्या गाड्या? मुकाट बाजू काढून चाललेल्या! चौकीतली गंमत कुणी तरी गावाच्या ग्रुपवर टाकली होती आणि फिरत फिरत ती कुठं कुठं पोचली होती. आता प्रत्येक कामटीला गाडीवाले बिचकत होते. न जाणो, कुणाच्या टोकाला अजून गेरू असायचा! मी तिथं गाडीतच टाळ्या वाजवल्या. एकट्यानं. वाजवल्या म्हणजे वाजवल्या.

हे असं पंधरा दिवस चाललं. काकी रोज सकाळी कुंपणाशी उभ्या राहून बघायच्या. आणि एका रविवारी बघतो तर कॅरियरवर गोधडीची घडी! काकी नवं लुगडं नेसून टोपली घेऊन उभ्या. तात्या सायकल धरून उभे.

"सुधा," ते मला म्हणाले. सायब नाही, सुधा. "जरा मागून गाडी घेतोस का रं? आपली उगं."

घेतो का काय विचारता! मी त्यांच्या मागं गाडी लावली. पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. माझ्या मागं रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मी काच खाली करून हात बाहेर काढला आणि ऐटीत खुणावलं, जागा सोडून जा, नाहीतर थांबा. एकेक गाडी लांबून पुढं जात होती आणि तात्या हात वर करून प्रत्येकाला शाबासकी देत होते. मी ओरडलो, "तात्या, दोन्ही हातांनी धरा, मागं सवारी आहे!"

वाटेत रस्त्याचा एक खराब पट्टा लागतो. तात्यांचा आवाज आला, तोच, रोजचा. "खड्डा हाय गं, धर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी हसत होतो ती हजेरी नव्हती. दोन वर्षं हा माणूस रिकाम्या कॅरियरला खड्डे सांगत होता. रोज, एकही खड्डा न चुकवता. माझे डोळे असे भरून आले की समोरची सायकल दिसेना. मी गाडी आणखी मागं ठेवली, दीड हात कसला, चांगली दहा हात.

आणि पुढून काकींचा आवाज आला, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा.

"धरलंय कवाचं! तुमी पुढं बगा."